वाचकांचे प्रश्न : नव्वद टक्के ऊर्जा जाते कुठे?

प्रश्न : अन्नसाखळीच्या एका पोषणपातळीवरून पुढच्या पातळीवर केवळ दहा टक्के ऊर्जा पोहोचते, असे पाठ्यपुस्तकात दिले आहे. ऊर्जा नष्ट होत नाही, हेही आम्ही शिकवतो. मग उरलेल्या नव्वद टक्क्यांचे काय होते, आणि हा आकडा सगळीकडे सारखाच असतो का? (एक विज्ञान शिक्षिका)

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण गैरसमज तेथे अधिक आहे. दहा टक्के हा निसर्गाने घालून दिलेला नियम नसून, वेगवेगळ्या परिसंस्थांत मोजलेल्या आकड्यांवरून काढलेला ढोबळ अंदाज आहे. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने मिनेसोटातील एका छोट्या तळ्याचा अभ्यास करून, सजीवांच्या परस्परसंबंधांकडे ऊर्जेचा प्रवाह म्हणून पाहण्याची रीत घालून दिली. त्यांचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तो छापून आलेला पाहण्यापूर्वीच, सत्तावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांचे निधन झाले होते. पुढे १९५७ मध्ये हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा ऊर्जेचा ताळेबंद मांडला. तेथे वनस्पती वर्षाला दर चौरस मीटरमागे २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बांधून ठेवत होत्या. शाकाहारी जीवांपर्यंत त्यातील ३,३६८, त्यांना खाणाऱ्या मांसाहारी जीवांपर्यंत ३८३ आणि सर्वांत वरच्या भक्षकांपर्यंत केवळ २१ किलोकॅलरी पोहोचत होत्या. म्हणजे एकाच झऱ्यात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १६, ११ आणि ५ टक्के होते. विद्यार्थ्यांना दहाचा आकडा पाठ करायला लावण्यापेक्षा या चार संख्यांवरून भागाकार करायला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

आता नव्वद टक्क्यांविषयी. खालच्या पातळीवर तयार झालेले सर्व काही वरच्या जीवांच्या तोंडी लागत नाही. मुळे, लाकूड आणि गळलेली पाने बहुतांशी विघटकांच्या, म्हणजे मृत पदार्थ कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींच्या, वाट्याला जातात. खाल्लेल्यातलाही बराच भाग न पचता बाहेर पडतो आणि त्याच वाटेने जातो. जे पचते, त्यातला मोठा हिस्सा श्वसनात, म्हणजे हालचाल, शरीराची झीज भरून काढणे आणि उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या बाबतीत शरीराचे तापमान टिकवणे, यांत खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून जातो. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या ऊर्जेपैकी साधारण एक ते तीन टक्केच नव्या ऊतींच्या रूपाने साठवतात. कीटकांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक असते, कारण शरीर उबदार ठेवण्याचा खर्च त्यांना करावा लागत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरेच आहे, परंतु अशी विखुरलेली उष्णता कोणतीही वनस्पती पुन्हा पकडू शकत नाही. नत्र, स्फुरद आणि कार्बन फिरून मातीत किंवा हवेत येतात व पुन्हा वापरले जातात; ऊर्जा मात्र दररोज सूर्याकडून नव्याने यावी लागते.

प्रश्न : तसे असेल, तर सर्वांनी एक पातळी खाली उतरून फक्त वनस्पतिजन्य अन्न खाल्ल्यास तेवढ्याच जमिनीत कितीतरी अधिक लोकांचे पोट भरेल, हा निष्कर्ष बरोबर आहे का?

उत्तर : दिशा बरोबर आहे, पण हिशेब अर्धाच झाला आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासानुसार मांस, दूध, अंडी आणि मत्स्यशेती यांसाठी कुरणांसह एकूण शेतजमिनीपैकी सुमारे ८३ टक्के जमीन वापरली जाते, आणि तिच्यातून माणसाला १८ टक्के उष्मांक व ३७ टक्के प्रथिने मिळतात. ही तफावत ऊर्जेच्या मनोऱ्याशी, म्हणजे पातळीगणिक घटत जाणाऱ्या ऊर्जेच्या चित्राशी, जुळणारीच आहे. तथापि, त्या जमिनीचा मोठा भाग असा आहे, जेथे गवताखेरीज दुसरे काही नीट पिकत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठरातील सूक्ष्मजीव गवतातले सेल्युलोज फोडतात. माणसाला ते जमत नाही. गवत, पिकांचे अवशेष, कोंडा आणि पेंड खाऊन वाढलेले जनावर, ऊर्जेच्या दृष्टीने कितीही उधळे असले तरी, आपल्या ताटातले काही हिरावून घेत नाही.

अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, जगभरातील पशुखाद्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग माणसाला खाण्याजोगा नसतो. मात्र हा आकडा पशुपालनाच्या समर्थनार्थ पुढे करणारे त्याची दुसरी बाजू बहुधा सांगत नाहीत : उरलेल्या भागात जगाच्या तृणधान्य उत्पादनाचा सुमारे तिसरा हिस्सा सामावलेला आहे. म्हणून प्राणी खावा की नाही, यापेक्षा तो प्राणी काय खातो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोंबडी खाद्याचे मांसात रूपांतर गोवंशापेक्षा पुष्कळ चांगले करते, परंतु तिचे खाद्य प्रामुख्याने धान्य असते, आणि नेमक्या तेथेच ती माणसाशी स्पर्धा करते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून निघणाऱ्या, हवामान तापवणाऱ्या मिथेन वायूचा भार याहून वेगळा आहे व तोही मोजावाच लागतो.

प्रश्न : सूर्यप्रकाश फुकट आणि अमाप आहे, मग शेतीत ऊर्जेची चिंता कशासाठी?

उत्तर : कारण आधुनिक शेती केवळ सूर्यावर चालत नाही. पिके आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी वर्षभरात साधारण एक टक्का ऊर्जाच साठवतात, आणि तेवढ्यासाठीही इंधन, सिंचन व खते यांच्या रूपाने बाहेरची ऊर्जा ओतावी लागते. कृत्रिम नत्रखतासाठी हवेतील नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला व प्रचंड दाबाखाली घडवून आणतात, आणि तो हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून मिळवला जातो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींमधले जिवाणू हेच काम साध्या तापमानात करतात. त्यांनाही ऊर्जा लागतेच. ती ते पिकाने तयार केलेल्या शर्करेतून घेतात, त्यामुळे पिकाचे उत्पादन काहीसे कमी होऊ शकते. मात्र हा खर्च कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या इंधनातून न होता त्याच हंगामाच्या सूर्यप्रकाशातून भागतो, म्हणूनच फेरपालटीत आणि आंतरपिकात द्विदलांना जागा द्यावी, असा आग्रह धरला जातो.