वाचक विचारतात : काकडीचा घोडा, वांग्याची गाय

प्रश्न : ताई, माझा मुलगा दीड वर्ष झालं जपानात नोकरीला आहे. ऑगस्टमधे फोन केला तर म्हणाला ओबोनची सुट्टी आहे, सगळे गावाकडं गेलेत पितरांचं करायला. आपल्यात म्हाळ भाद्रपदात, मग यांचा ऑगस्टात कसा आणि दरवर्षी तारखेनंच कसा काय? आणि शेजारच्या आजींनी म्हणे काकडीला नि वांग्याला काड्यांचे पाय लावून ठेवलेत. त्यानं फोटो पाठवलाय, मला तर करणीचाच प्रकार वाटला. काळजीचं काही नाही ना?
– एक आई, शुक्रवार पेठ

उत्तर : काकू, अजिबात काळजी करू नका, त्या आजींनी पितरांसाठी वाहन तयार केलंय. काकडी म्हणजे घोडा, पितर घरी लवकर यावेत म्हणून. वांगं म्हणजे गाय, जाताना मात्र सावकाश जावेत, आणि सोबत दिलेलं सगळं ओझं तिच्या पाठीवर मावावं म्हणून. मी दोन वर्षं तिकडं होते तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी हे माझ्यासमोर केलं होतं. टोपलीतल्या सगळ्या काकड्या बाजूला सारून त्यांनी मुद्दाम एक वाकडी काकडी निवडली, कारण मान वर केलेला घोडा दिसला पाहिजे, मग जेवायच्या लाकडी काड्या मोडून चार पाय खोचले आणि मक्याच्या कणसाच्या केसांची शेपूट लावली. वांग्याचा एक पाय जरा आखूड झाला तर गाय कलंडायला लागली, तर बाईंनी तो काढून परत नवीन केला, घाई म्हणून नाही. मला तिथं बसल्या बसल्या आपला बेंदूर आठवला, गंगावेशीतून आणलेले मातीचे बैल पाटावर मांडून आई त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची ते. घरात गुरं असोत नसोत, बैल पूजायचाच.

आता तारखेचं. ओबोन बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट. १३ ला संध्याकाळी दारात छोटा जाळ करतात, पितरांना घर दिसावं म्हणून, आणि १६ ला परत जाळ करून निरोप देतात. क्योतोमधे तर त्या रात्री पाच डोंगरांवर मोठमोठ्या आकृत्या पेटवतात. काही गावांत कागदी कंदील नदीत सोडतात, पंचगंगा घाटावर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात ते ज्यानं बघितलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे ही सरकारी सुट्टी नाही, पण कंपन्या आपण होऊन देतात कारण निम्मा देश गावाकडं निघालेला असतो.

आणि मूळ तर आपल्याकडचंच आहे हो. बुद्धाचे शिष्य मौद्गल्यायन, जपानीत मोकुरेन, यांना दिसलं की आपली मेलेली आई प्रेतयोनीत उपाशी आहे, तोंडाशी नेलेला घास पेटतोय. बुद्धांनी सांगितलं, वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपतो त्या दिवशी भिक्षूंना जेवू घाल. तो दिवस म्हणजे चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याची पंधरावी तिथी. ही कथा चीनमार्गे जपानात गेली.

१८७२ पर्यंत जपानातही चंद्र बघूनच महिने धरायचे, आपल्यासारखा अधिक महिनासुद्धा होता. मग सरकारनं युरोपाचं कॅलेंडर घेतलं, आणि बाराव्या महिन्याच्या २ तारखेनंतर दुसरा दिवस उजाडला तो थेट १ जानेवारी १८७३, म्हणजे जवळजवळ अख्खा महिनाच गायब! आता सणांचं काय करायचं? टोकियोनं आकडा धरला, सातवा महिना म्हणजे जुलै, तिथं बऱ्याच घरी १५ जुलैला ओबोन. बाकी बहुतेक देशानं एक महिना पुढं ढकलून मोसम सांभाळला म्हणून ऑगस्ट, आणि दक्षिणेकडची ओकिनावा बेटं आजही जुन्या तिथीनंच करतात. मला स्वतःला ओकिनावावाल्यांचं पटतं, पण ऑगस्टवाल्यांनीही सण त्याच्या हवेत तरी ठेवला. शरदात पौर्णिमेचा चंद्र बघून त्याची पूजा करायचा त्यांचा एक सण आहे, त्सुकिमी, तो मात्र कुणालाच तारखेला बांधता आला नाही, त्याला चंद्र पूर्ण लागतो ना! तो बहुतेक वर्षी भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास येतो, पण २०२५ ला त्यांची चंद्रपूजा आणि आपली कोजागिरी एकाच रात्री, ६ ऑक्टोबरला आली होती.

भाद्रपदातल्या म्हाळाच्या जवळ जाणारंही त्यांच्याकडं एक आहे. सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात त्याच्या आगेमागे मिळून सात दिवस, ओहिगान म्हणतात, कबरी धुवायच्या, फुलं ठेवायची आणि भाताच्या गोळ्यावर अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण थापून ओहागी करायचे. मुलाला सांगा एक खाऊन बघ, पुरणाची आठवण येईल.

प्रश्न : जपानी लोक फेब्रुवारीत घरात दाणे फेकतात असं वाचलं. का?
– कॉलेजची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : तो सेत्सुबुन, वसंत लागायच्या आदला दिवस, बहुतेक ३ फेब्रुवारी. घरातलं कुणीतरी राक्षसाचा मुखवटा घालतं आणि पोरं त्याच्यावर भाजलेले सोयाबीन फेकत ओरडतात, 'ओनी वा सोतो, फुकु वा उची', म्हणजे राक्षस बाहेर, सुख आत. आपल्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवत अवदसा हाकलतात तसंच की. दाणे भाजलेलेच लागतात, कच्चा दाणा कोपऱ्यात राहून उगवला तर अशुभ. शेवटी आपलं वय जितकं तितके दाणे मोजून खायचे.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांसोबत एक जपानी सण करायचाय, ७ जुलैचा तानाबाता कसा राहील? खर्च जास्त नको.
– एक शिक्षिका, कागल

उत्तर : मॅडम, सण उत्तम निवडलात पण तारीख बदला. गोष्ट अशी, आकाशातली विणकरीण आणि गुराखी लग्न झाल्यावर एकमेकांत इतके रमले की माग बंद पडला आणि गुरं उधळली, तेव्हा तिच्या बापानं दोघांना आकाशगंगेच्या दोन काठांवर टाकलं, वर्षातून एकदा सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री भेटायची परवानगी. पाऊस आला की नदीला पूर, भेट रद्द! कॅलेंडर बदललं आणि हा सण बऱ्याच ठिकाणी ७ जुलैला, म्हणजे भर पावसाळ्यात आला, म्हणून सेंदाई शहरातले लोक आजही ६ ते ८ ऑगस्टला करतात. कागलला जुलै नि ऑगस्ट दोन्ही ढगातच जाणार, तुम्ही सरळ दसऱ्यानंतर करा.

बांबूची एक पानांची फांदी आणि रंगीत कागदाच्या पट्ट्या, बास. प्रत्येक मूल पट्टीवर आपली इच्छा लिहून फांदीला बांधेल. इच्छा वाचून दाखवायला लावू नका, माझ्या भाचीनं 'पप्पा रोज लवकर घरी येऊ देत' असं लिहिलं होतं, ती पट्टी तिनं पानांआड बांधली.

किमोनो भाड्यानं आणण्यापेक्षा संध्याकाळी सात-साडेसातला मुलांना शाळेच्या गच्चीवर न्या. ऑक्टोबरच्या मध्याला तेव्हा जवळजवळ डोक्यावर एक ठळक तारा असतो, तो गुराखी, आपला श्रवण. आणि उत्तरेला, जरा पश्चिमेकडं कललेला त्याहून लखलखीत, ती विणकरीण, आपला अभिजित. मधली आकाशगंगा कागलच्या दिव्यांत दिसायची नाही, त्यासाठी राधानगरीच्या बाजूला अंधारात जावं लागेल, पण दोन काठांवरचे ते दोघं मात्र गच्चीवरूनही दिसतील.