पहिल्या व्हिडिओ-तासाआधी

हे बघ, इंग्रजीच्या तासाला दहा मिनिटांची फिल्म लावू नकोस, दोन मिनिटांची पुरे. आधी आवाज बंद ठेवून दाखव. मध्येच थांबव आणि विचार, आता काय होईल? मुलं चुकतमाकत का होईना, इंग्रजीत बोलू लागतात. मग आवाज सुरू कर. सबटायटल इंग्रजीच ठेव.

खरा कस पुढे आहे. मोबाइल मुलांच्याच हाती दे. आपल्या नागपुरातली सीताबर्डीची गर्दी, फुटाळ्याची संध्याकाळ, तर्री-पोह्यांची गाडी... सहा वाक्यांत गोष्ट सांगू दे, भूतकाळात. शूटिंग चालू असताना टोकू नकोस. मी एकदा एका मुलीला टोकलं होतं. ती मुलगी महिनाभर वर्गात बोललीच नाही. इंग्रजीतले 'अ' आणि 'द' (a, the) सुटणारच, मराठीत तशी उपपदंच नाहीत. दुसऱ्या टेकआधी तेवढंच दुरुस्त कर.