गोटा नाही हो, पायना!

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. त्यांच्या गावच्या पोट्ट्यांनी गणपतीत डी.जे.ला फाटा देऊन गिटार आणि ड्रमचा कार्यक्रम ठेवला. मंडळाच्या पत्रिकेवर ‘भव्य पाषाणसंगीत रजनी’ असं छापलं गेलं आणि निवेदकानं माईकवरून सांगितलं, “दगडालाही पाझर फोडणारं संगीत, म्हणून त्याला रॉक म्हणतात!” पत्रलेखक विचारतात, हे बरोबर आहे काय, आणि ‘रॉकस्टार’ला मराठीत काय म्हणावं?

साफ चूक. आणि ही चूक मी पहिल्यांदा ऐकत नाही. ‘खडकसंगीत’, ‘शिळासंगीत’, ‘पाषाणनाद’ असे मासले कानावर येतच असतात. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात तर ‘प्रस्तरगीत’ ऐकलं आणि मी चहा न घेता उठून आलो.

माळरानातला माळ वेगळा आणि गळ्यातली माळ वेगळी, हे सांगायला आपल्याला कोश लागत नाही. ‘माळेचे मणी’ म्हणजे माळरानावर सापडलेले मणी, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. इंग्रजीतले दोन ‘रॉक’ अगदी असेच आहेत. खडक या अर्थाचा रॉक नॉर्मन फ्रेंचमधल्या ‘रॉक’वरून आला. संगीतातला रॉक मूळचा इंग्रजीच. त्याचं जुनं रूप ‘रॉक्कियन’, आणि सर्वांत जुन्या वापरात त्याचा अर्थ आहे तान्ह्या लेकराला पाळण्यात झोके देणं. डोलणं, हेलकावे खाणं, हादरणं हे अर्थ त्याला मागाहून फुटले.

म्हणजे पत्रिकेवर छापायचा होता पायना (आमच्याकडं पाळण्याला पायना म्हणतात, ‘ळ’शी आमचं वाकडं आहे) आणि छापला गोटा.

‘रॉक अँड रोल’चा जो शृंगारिक अर्थ सांगताना लोक आवाज खाली आणतात, तो मी सोडून देतो. तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि ठाऊक नाही असं दाखवण्यातच सगळ्यांना मजा येते. जहाजाच्या डुलण्याचा अर्थही खरा आहे. बॉसवेल भगिनींनी 1934 साली ‘रॉक अँड रोल’ याच नावाचं गाणं म्हटलं, ते समुद्राच्या हेलकाव्यांचं. पण मला सांगायची आहे ती सिस्टर रोझेटा थार्प.

ही बाई 1915 साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मली. गावाचं नाव कॉटन प्लांट. आता हे मराठीत कसं सांगाल? ‘कपाशीचं झाड’ पुण्यातल्यांनी म्हणावं. यवतमाळात त्याला एकच शब्द आहे, पऱ्हाटी. रॉक संगीताची आजी पऱ्हाटी नावाच्या गावात जन्मली, हे कळलं त्या दिवशी मी शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं. त्यानं विचारलं, “तिकडं भाव काय चालू हाय?”

तर ही रोझेटा गळ्यात गिटार अडकवून देवाची गाणी म्हणायची. 1938 साली तिनं ‘रॉक मी’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा पुढं ‘रॉक अँड रोलचा राजा’ म्हणवला गेलेला एल्व्हिस प्रेस्ली तीन वर्षांचा होता. ते गाणं मुळात थॉमस डॉर्सी या रचनाकाराचं भक्तिगीत. देवा, मला तुझ्या कुशीत घे, असा त्याचा भाव. आता इथं ‘रॉक मी’चं मराठी काय होईल? ‘मला दगड कर’? अहल्या उलट्या पावली निघाली की काय? ‘मला जोजव’ हेच त्याचं मराठी. तान्ह्याला जोजवण्याचा तो नऊशे वर्षांचा जुना अर्थ या गाण्यात जसाच्या तसा जिवंत आहे. 1942 साली ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या स्तंभात तिच्या गाण्याबद्दल ‘रॉक-अँड-रोल’ हे शब्द छापून आले. ज्या बाईच्या गाण्यासाठी हे विशेषण वापरलं गेलं, तिला क्लीव्हलंडच्या रॉक संग्रहालयानं मानाच्या यादीत घेतलं 2018 साली. तिला जाऊन तेव्हा 44 वर्षं झाली होती.

इथं मला काही जाणकारांशी भांडायचं आहे. ‘रॉक अँड रोल’ हे नाव रेडिओ निवेदक अॅलन फ्रीड यानं दिलं, असं ते ठोकून देतात. फ्रीड 1951 पासून क्लीव्हलंडच्या केंद्रावरून ही गाणी रात्री वाजवायचा आणि त्यानं हा शब्द घरोघरी नेला, इतकं मान्य. पण बारशाला जो मोठ्यानं कुर्र करतो तो लेकराचा बाप ठरत नाही. त्याच्या आधी 1922 साली ट्रिक्सी स्मिथच्या गाण्याच्या नावातच ‘रॉक’ आणि ‘रोल’ हे दोन्ही शब्द आहेत. तीस वर्षं काळ्या गायिकांच्या तोंडात असलेला शब्द गोऱ्या निवेदकाच्या खात्यावर मांडणं याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. आमच्याकडं त्याला सातबारा फिरवणं म्हणतात.

दुसरे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. ते प्रत्येक शब्द वेदात नेऊन सोडतात. त्यांचं म्हणणं, ‘ऋक्’ म्हणजेच ‘रॉक’. ऋचाही गातात, रॉकही गातात, झालं सिद्ध. महाशय, ‘ऋक्’ हा स्तुती करणं या अर्थाच्या ‘ऋच्’ धातूचा. त्याला पाळण्याशी बांधायला दोरी पुरायची नाही. त्यांना संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते ‘रॉक’मध्ये शोधू नये, शेजारच्या ‘रोल’मध्ये शोधावं. ‘रोल’ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘रोटा’पर्यंत जातो. रोटा म्हणजे चाक, आणि तो आपल्या ‘रथ’चा सख्खा चुलतभाऊ. हे नातं भाषाशास्त्राला मान्य आहे. (विहिरीवरच्या रहाटाला यात ओढू नका. तो ‘अरघट्ट’चा.) तेव्हा ‘रॉक अँड रोल’ म्हणजे पायना आणि रथ. बारशापासून वरातीपर्यंत सगळं आलं.

आता खरी गंमत. इंग्रजीत एक तिसराही रॉक होता. तो आज मेला आहे, पण माझा सगळ्यात लाडका तोच. सूत कातताना लोकर किंवा तागाचे तंतू ज्या काठीवर गुंडाळून ठेवत, त्या काठीला ‘रॉक’ म्हणत. नाताळचे बारा दिवस संपले की 7 जानेवारीला बायका पुन्हा कातायला बसत, म्हणून त्या दिवसालाच ‘रॉक डे’ असं नाव होतं. याच काठीला इटालियनमध्ये ‘रोक्का’ म्हणतात. तिचं लहान रूप ‘रोक्केत्ता’. दिवाळीतल्या बाणासारखी उडती दारू त्या काठीच्या आकाराची दिसते, म्हणून तिला तेच नाव पडलं आणि त्यातून ‘रॉकेट’ झालं. म्हणजे चंद्रावर जाणाऱ्या यानाचं नाव सूतकताईतून आलं आहे. सेवाग्रामला 1936 पासून ज्यांच्या टकळ्या फिरल्या, त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

आणि रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, या कधीच न मिटणाऱ्या वादात ज्या गाण्याचं नाव हमखास येतं, ते कोणतं? ‘रॉकेट 88’. मार्च 1951, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा स्टुडिओ. गायला जॅकी ब्रेन्स्टन, बँड आइक टर्नरचा. गाणं ओल्ड्समोबिल या अमेरिकी मोटारगाडीचं आहे, यानाचं नाही, हे मला माहीत आहे. ही मंडळी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलच्या बाजूची, म्हणजे पुन्हा कापसाचाच मुलूख. वाटेत अँप्लिफायरचा भोंगा फाटला, त्यात कागद कोंबून वेळ मारून नेली आणि तो खरखरीत आवाज पुढं गिटारवाल्यांनी मुद्दाम काढायला सुरुवात केली, असं सांगतात. 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडं तोंड वळवलं होतं. त्यांच्याकडं कापूस वेचणाऱ्यांच्या नातवंडांनी जगाला नाचवलं. आपण अजून सी.सी.आय.चं (भारतीय कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र कधी उघडतं ते बघतो आहोत.

आणखी एक, हे माझं स्वतःचं मत आहे, पुरावा मागू नका. रॉकच्या ठेक्यात जोर पहिल्या मात्रेवर नसतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून लेकरू निजवलेलं असतं, तिला झोका देणाऱ्या आजीकडं नीट पाहा. जाताना हात सैल, परत आली की टोला. एक-*दोन*-तीन-*चार*. ‘रॉक’चा मूळ अर्थ पायना आहे हे त्या ड्रमवाल्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्याचा हात बरोबर तिथंच पडतो. यावर एकानं मला कळवलं की जोर मागच्या मात्रेवर टाकायची ही तऱ्हा आफ्रिकी तालपरंपरेतून आली. आली असेल. तिथंही आज्या होत्याच.

दगडाचा घोळ कुठून आला, हेही सांगून टाकतो. ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडच्या नावात खरंच दगड आहे. 1962 साली त्यांनी ते नाव मडी वॉटर्स या अमेरिकी गायकाच्या 1950 च्या गाण्यावरून उचललं. एका बँडच्या नावातला गोटा उचलून साऱ्या संगीतावर टाकला गेला असावा, बस.

पुढच्या वर्षी पत्रिका छापाल तेव्हा सरळ ‘रॉक’ लिहा. टेबल, रेल्वे, डी.जे. चालतात तर रॉकनंच काय घोडं मारलं? मराठीच शब्द पाहिजे असा हट्ट असेल तर ‘डोलगाणी’ चालवून बघा, पण मंडळाचे पोट्टे ऐकणार नाहीत.

‘रॉकस्टार’चं राहिलंच. तुमच्या त्या गिटारवाल्याला गावात आता काय म्हणतात ते कळवा. पत्रिकेनंतर बहुतेक ‘गोट्या’च म्हणत असतील, आणि तसं असेल तर मी त्याच्यासाठी काही करू शकत नाही.