अलॉय चाके बसवल्यापासून पुढच्या बाजूने टकटक आवाज येतो. नेमके काय तपासावे?

आपल्या प्रश्नातून समजते ते असे: स्विफ्टची १४ इंची स्टीलची चाके काढून आपण १५ इंची अलॉय चाके व १८५/६५ मापाचे टायर बसवले, तेव्हापासून कमी वेगात पुढच्या डाव्या बाजूने टकटक ऐकू येते, वळताना ती वाढते, आणि दुकानदार मात्र ‘थोडे दिवस चालवा, आपोआप जाईल’ असे सांगतो. हा सल्ला कृपया मानू नका. सैल राहिलेले चाक चालवल्याने घट्ट होत नाही, ते अधिकच सैल होते. म्हणून आवाजाचे मूळ शोधण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांचे नट पान्याने तपासा, आणि तोवर गाडी महामार्गावर नेऊ नका.

नट घट्ट लागले तरी तपासणी तिथे संपत नाही, कारण खरा घोळ बहुधा नटाच्या बैठकीत असतो. काही नटांचे टोक शंकूसारखे निमुळते असते, काहींचे गोलाकार, तर काही सपाट असून वॉशरसह येतात. चाकाच्या भोकाची खाच ज्या आकाराची, त्याच आकाराचा नट तिथे हवा. आकार जुळला नाही तर नट हाताला घट्ट लागतो, पण प्रत्यक्षात कडेच्या अरुंद पट्टीवरच टेकलेला असतो, आणि वळताना चाकावर आडवा भार आला की चाक हबवर (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या मधल्या भागावर) किंचित सरकून टकटक करते. एक नट पूर्ण काढून भोकाची खाच नीट पाहा. धातूवर एकाच बाजूला चकाकी आली असेल, भोवती काळपट किंवा तांबूस ओघळ दिसत असतील, तर चाक हलत आहे असे समजा. भोक लांबट झाले असेल तर ते चाक पुन्हा वापरू नये, मग त्याची किंमत कितीही असो.

त्याच वेळी नट किती फेरे आत जातो तेही मोजा. अलॉय चाकाचा मधला भाग स्टीलच्या पत्र्यापेक्षा जाड असल्यामुळे स्टडचा (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसणाऱ्या आटेदार दांड्याचा) कमी भाग नटाच्या वाट्याला येतो. स्टडच्या जाडीइतकी तरी लांबी नटात गुंतावी, असा सर्वसाधारण नियम आहे; आपल्या गाडीचे स्टड १२ मिलिमीटरचे आणि १.२५ पिचचे (म्हणजे एका फेऱ्यात नट १.२५ मिलिमीटर पुढे सरकतो) असल्याने हा हिशेब साडेनऊ फेऱ्यांच्या आसपास येतो. चार-पाच फेऱ्यांतच नट घट्ट होत असेल तर ती धोक्याची खूण आहे.

नट पुन्हा लावताना हबचा गंज व माती तारेच्या ब्रशने साफ करा, चाक जमिनीपासून उचललेले असतानाच समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) द्या. लहान हॅचबॅक गाड्यांसाठी हा आकडा साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. आटे सुलभ फिरावेत म्हणून तेल लावू नका, कारण त्यामुळे त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. अनेक दुकानांत एअर गनने धडाधड नट आवळून गाडी हाती देतात. ती पद्धत मला अजिबात पसंत नाही. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

एवढे करूनही आवाज राहिला तर तो चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला आहे का, ते पाहा. १८५/६५ आर १५ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर आहे, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला जवळजवळ तीन फेरे घेते. सहप्रवाशाला काच खाली करून, एखाद्या लांब भिंतीच्या कडेने जाताना टकटक मोजायला सांगा. भिंतीवरून आवाज स्पष्ट परततो. सेकंदाला तीन ठोके आले आणि गाडी न्यूट्रलमध्ये असतानाही ते तसेच राहिले, तर कारण चाकावर किंवा चाकालगत आहे. रिमच्या आतून चिकटवलेले बॅलन्सिंगचे वजन कॅलिपरला (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) लागत असेल, टायरमध्ये दगड अडकला असेल किंवा मधली टोपी सैल असेल. ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज बदलला तर डिस्क, पॅड आणि कॅलिपर पाहावेत. सलग खरखर असेल तर डिस्कमागचा पातळ पत्रा चाक बदलताना वाकून डिस्कला घासत असण्याची शक्यता मोठी. तो हाताने सरळ करता येतो.

टायर घासत असल्याची शंकाही तपासून घ्या. मूळच्या १६५/८० आर १४ टायरची उंची नव्या टायरइतकीच असल्याने उंचीचा प्रश्न नाही, परंतु टायर २० मिलिमीटरने रुंद झाला आहे आणि रिमचा ऑफसेट (रिम हबपासून किती आत किंवा बाहेर बसते ते माप) वेगळा असेल तर तो पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला लागतो. तिथे घासल्याच्या ताज्या खुणा दिसतील.

वळताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच कटकट होत असेल, तर सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळणाऱ्या चाकापर्यंत नेणारा सांधा) पाहावा. बेअरिंगचा आवाज घरघरीचा असतो, वेगाबरोबर वाढतो आणि बहुधा गाडीचा भार त्या बाजूवर आला की अधिक ऐकू येतो. आपण वर्णन केलेल्या आवाजाशी तो जुळत नाही.

निर्णायक चाचणी हवी असेल तर पुढची दोन्ही जुनी स्टीलची चाके त्यांच्या मूळ नटांसह परत बसवून तोच रस्ता फिरून या. आवाज गेला तर दोष नव्या चाकांत, नटांत किंवा त्यांच्या जुळणीत आहे, आणि दुकानदाराकडून योग्य बैठकीचे नट आणि चाकाचे मधले भोक हबपेक्षा मोठे असल्यास ती फट भरणारी, हबच्या ५४.१ मिलिमीटर मापाची रिंग मागून घ्यावी. आवाज तसाच राहिला तर दोष गाडीत आहे, आणि तिथून पुढे सस्पेन्शन व ब्रेक तपासणाऱ्या मेकॅनिकचे काम सुरू होते.