रांग मोडून आले म्हणता, पण ती रांग आहे कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही डिग्री, भाषेची परीक्षा, ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) सगळं रीतसर करून जर्मनीत आलो. होडीत बसून, रांग मोडून आलेल्यांच्या बाजूने आम्ही का उभं राहायचं? आणि राहिलोच तर आमच्या व्हिसाला धोका नाही ना?" मी इथे बरीच वर्षं आहे आणि निर्वासितांच्या एका सल्लाकेंद्रात दुभाष्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या रांगेबद्दल. आश्रयाचा अर्ज युरोपात पाऊल ठेवल्यावरच करता येतो, आणि 'आश्रय मागायला जातोय' असं सांगून व्हिसा मिळत नाही. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो. तसा युरोपीय संघाचा २००१ चा निर्देशच आहे. त्यामुळे खिशात तिकिटाचे पैसे असलेल्या माणसालाही चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागतं. मग तो त्याच्या कितीतरी पट पैसे दलालाला देऊन रबरी होडीत बसतो.

एका कुटुंबाने सरळ मार्ग करून पाहिला होता. २०१६ मध्ये अलेप्पोचं एक सीरियन जोडपं लहान मुलांना घेऊन बैरूतमधल्या बेल्जियमच्या वकिलातीत गेलं. आम्हाला व्हिसा द्या, बेल्जियमला पोहोचून आश्रयाचा अर्ज करायचा आहे, असं त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. व्हिसा नाकारला गेला आणि प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोहोचलं. तिथल्या महाधिवक्त्यांनी, म्हणजे निकालाआधी न्यायालयाला सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, व्हिसा द्यायला हवा असं मत दिलं. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाचा निकाल मात्र उलटा लागला: असा व्हिसा देणं युरोपीय कायद्याने सदस्य देशांवर बंधनकारक नाही. संयुक्त राष्ट्रांमार्फत थेट विमानाने आणल्या जाणाऱ्यांची संख्या गरजेच्या मानाने फारच तुटपुंजी आहे. आता तुम्हीच सांगा, या माणसांनी कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं होतं?

हा पेच १९५१ च्या जिनिव्हा करारालाही माहीत होता. त्याच्या ३१ व्या कलमानुसार, जिवाला धोका असलेल्या ठिकाणाहून थेट आलेला निर्वासित विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि त्याने सबळ कारण दिलं, तर बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. ३३ वं कलम त्याला धोक्यात परत पाठवायला मनाई करतं. नाझी राजवटीतून जीव वाचवून पळालेली माणसं तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

दार उघडायचंच ठरवलं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. त्याच २००१ सालचा युरोपीय संघाचा आणखी एक निर्देश आहे, तात्पुरत्या संरक्षणाचा. तो वीस वर्षांहून अधिक काळ नुसता कागदावर पडून होता. २०१५ मध्ये सीरियन लोक आले तेव्हाही तो वापरला नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनियन लोकांसाठी तो लागू झाला आणि चाळीस लाखांहून अधिक माणसांना निवास आणि कामाची मुभा मिळाली, तीही प्रत्येकाची वेगळी आश्रय-चौकशी न करता. युक्रेनियन लोकांना ते मिळालं हे योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच, की इतरांच्या वेळी जागा नाही, यंत्रणा नाही ही सबब आता ऐकून घेऊ नका.

मदत करणाऱ्यांचं काय होतं? फ्रान्समध्ये इटलीच्या सीमेला लागून रोया खोरं आहे. तिथल्या सेद्रिक एरू या ऑलिव्हच्या शेतकऱ्याने सीमा ओलांडून आलेल्यांना घरी ठेवलं, जेवू घातलं, म्हणून त्याच्यावर खटले भरले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्याला चार महिन्यांची स्थगित कैद सुनावली. तो लढत राहिला. ६ जुलै २०१८ ला फ्रान्सच्या घटना परिषदेने सांगितलं, की प्रजासत्ताकाच्या ब्रीदातली 'बंधुता' हे घटनात्मक तत्त्व आहे. समोरच्याचे कागद वैध आहेत की नाहीत हे न बघता माणुसकीपोटी मदत करण्याचं स्वातंत्र्य त्यातूनच येतं. सीमा पार करून द्यायला मात्र ही सूट लागू नाही. पुढे एरू निर्दोष सुटला. घटना परिषदेच्या त्या निकालाचं मोल मला फार मोठं वाटतं, कारण तोवर एकेकट्याच्या भलेपणावर चाललेल्या कामाला त्याने घटनेचा आधार दिला.

सगळ्यांनाच इतका चांगला निकाल मिळाला नाही. भूमध्य समुद्रात हजारोंना वाचवणारं 'युव्हेंटा' हे जहाज इटलीने ऑगस्ट २०१७ मध्ये जप्त केलं. खलाशांवरचा खटला एप्रिल २०२४ मध्ये रद्द झाला, पण तोवर जहाज धक्क्याला गंजून गेलं होतं. त्या काळात ते ज्यांच्यापर्यंत पोहोचू शकलं असतं, त्यांची भरपाई कोणता निकाल करणार?

इथे एक कोल्हापूरची गोष्ट सांगतो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे ते तिथवर आले होते. पुढे त्याच छावणीत फाळणीनंतर आलेले सिंधी स्थायिक झाले, तेच आजचं गांधीनगर. युरोपची माणसं आपल्याकडे आसऱ्याला होती, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आता तुमच्या व्हिसाबद्दल. नोंदणीकृत संस्थेत स्वयंसेवक होणं, वर्गणी देणं, शांततेच्या मोर्चात चालणं याला ब्ल्यू कार्डधारकाला बंदी नाही. कुणाला गाडीत बसवून सीमा पार करून देणं गुन्हा ठरू शकतं, ते करू नका. दुसरं, 'बाम्फ'च्या, म्हणजे आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, मुलाखतीत काय बोलायचं हे कुणाला पढवू नका, आणि स्वतःच्या अकलेने कायदेशीर सल्लाही देऊ नका. तसा सल्ला वकिलांच्या देखरेखीखालीच द्यायचा, असा इथला कायदा आहे. तुमच्या राज्याच्या फ्ल्युख्टलिंग्सराटला, म्हणजे निर्वासित परिषदेला, मेल करा. ते जवळचा गट सुचवतील.

आपल्याला हिंदी येतं, त्याचा इथे मोठा उपयोग होतो. पाकिस्तानातून आलेल्यांशी आणि तिथे वाढलेल्या बऱ्याच अफगाणांशी थेट बोलता येतं. डॉक्टरकडे सोबत जा, शाळेचा फॉर्म भरून द्या. आणि पिवळं पाकीट, म्हणजे अधिकृत निर्णयाचं टपाल, आलं तर त्याच दिवशी त्या माणसाला सल्लाकेंद्रात घेऊन जा. नकाराविरुद्ध दावा करायला साधारण एक ते दोन आठवडेच मिळतात. पाकीटही जपून ठेवायला सांगा, पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात.