साथ वाढतेय की ओसरतेय, हे मोजतात कसं?

तुम्ही विचारलंय की पेपरात रोज येणाऱ्या 'डेंग्यूचे इतके नवे रुग्ण' यावरून साथ वाढतेय की ओसरतेय हे कसं ओळखायचं. नुसत्या त्या आकड्यावरून ओळखताच येत नाही. तपासण्या किती झाल्या ते आधी विचारा. 200 नमुन्यांत 40 निघाले काय नि 800 नमुन्यांत 40 निघाले काय, बातमी सारखीच छापतात.

मी नागपुरात सहा पावसाळे घरोघरी डासांच्या अळ्या शोधत फिरले. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या, तो हाऊस इंडेक्स. शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. मानेवाड्याकडच्या एका गल्लीत 50 घरं पाहिली. 9 घरांत अळ्या, भांडी 14. म्हणजे हाऊस 18, ब्रेटो 28. त्या 14 पैकी 8 कूलरच्या टाक्या. उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीतच, आत पावसाचं पाणी. "काहून येता बाई दर आठवड्याला, इथं कोणी बिमार नाही," असं दारोदार ऐकलं. त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या भावाचं. तो म्हणाला, "डेंग्यूच्या यादीत आपली वस्तीच नाही, तू उगाच घाबरवते."

तीन आठवड्यांनी भाचीला ताप आला. कार्डावरची झटपट चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट 38 हजारांवर, पाच रात्री मी तिच्या उशाशी बसले. पण सरकारी हिशेबात पक्का रुग्ण प्रयोगशाळेतल्या एलायझा रक्तचाचणीवर धरतात आणि तिची ती झालीच नाही. ती संशयितच राहिली. दादा आजही म्हणतो, यादीत नाव नाही, म्हणजे डेंग्यू नव्हताच.

अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस, डासात विषाणू वाढायला आठ ते बारा, चावल्यावर ताप यायला चार ते दहा. आज छापलेला रुग्ण म्हणजे तीन-चार आठवड्यांपूर्वीची टाकी. गोवर माणसाकडून माणसाला थेट लागतो; त्याचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना आजार देतो. डेंग्यूत मध्ये डास असतो, तिथे तसा सरळ हिशेब बसत नाही.

हे मात्र खरं, की ब्रेटो जास्त म्हणून रुग्ण निघतीलच असं नाही. विषाणूचा तोच प्रकार वस्तीत आधी होऊन गेला असेल तर साथ धरत नाही.

आणि दादा म्हणतो, मी दर रविवारी टाकी रिकामी करतो. पण एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, अंडी पाण्याच्या रेषेलगत पत्र्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. टाकी काथ्याने घासावी लागते, चारही बाजूंनी, वरच्या काठापर्यंत.