बेदाण्याच्या बागेत वाईनची द्राक्षं लावावी का?

प्रश्न : सर नमस्कार, तासगाव तालुक्यात आमची 3 एकर बाग आहे, थॉम्पसन आणि सोनाका या बिनबियांच्या जाती, माल जास्त करून बेदाण्याला जातो. धाकटा भाऊ म्हणतोय 1 एकर मोडून वाईनची शिराझ लावू. कामात काय फरक पडतो आणि लावावी का?

उत्तर : दादा, कामाचं सांगतोच पण वाईनरीचा लेखी करार हातात नसेल तर एक रोप पण लावू नका. थॉम्पसनचा दर पडला की आपण माल वाळवायच्या शेडवर टाकतो, बेदाणा होतो, निभावून जातं. शिराझच्या मण्यात बिया, मणी बारका, साल जाड, ती ना बाजारात चालते ना शेडवर, तिला गिऱ्हाईक एकच. 2001 ला राज्याचं वाईन धोरण आलं, आपल्या पलूसला वाईन पार्क झाला, लोकांनी हौसेनं लागणी केल्या आणि पुढं राज्यात वाईनला उठाव नाही म्हणून कितीतरी बागा मोडाव्या लागल्या, ते बघून अजून जीव तुटतो.

आता काम. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तशीच. पण जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवायला घड जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवणं, ते विसरायचं. रंग आणि वास सालीत असतो, मणी फुगवला की रस वाढतो अन् सालीचा वाटा कमी होतो, म्हणजे वाईन पाणचट. मी पहिल्या वर्षी सवयीनं वेलीला 40 घड ठेवले, वजन झकास भरलं पण ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, 19 च्या पुढं सरकेना, वाईनरीला पाहिजे 22-23, गाडी परत आली. तेव्हापासून घड निम्म्यावर आणले.

नुसत्या ब्रिक्स मीटरवर पण जाऊ नका, मणी तोंडात टाकून बी चावून बघा. हिरवी, कडवट लागली तर थांबा. तपकिरी होऊन भाजलेल्या दाण्यासारखी कुडकुडली की तोडणी धरा.

खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतो ते मुळांचं रोप, डॉगरिज जातीपेक्षा 110 आर जातीचं बघा, डॉगरिजवर जोम फार येतो, पानांची गर्दी होते अन् घडाला ऊन मिळत नाही, मग भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आलीच. भुरीला आपण गंधक मारतो पण तोडणीजवळ अजिबात नको, टाकीत रस आंबताना कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.

भावाला म्हणावं करारात दर नुसत्या वजनावर धरलाय का ब्रिक्सवर, आणि माल नाकारला तर काय, एवढं आधी वाचून घे, मग खड्डे काढ.